विरजण आणायला वाघोलीला

आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकात दरवर्षी तीन-चार प्रवासवर्णनं असतात. स्वित्झर्लंडचा बर्फ, बालीचे समुद्रकिनारे, लंडनमध्ये सापडलेला वडापाव. ही मंडळी परत येताना चॉकलेटं आणतात आणि जिन्यात गाठ पडली की एकेक हातावर ठेवतात. यंदा मीही प्रवास केला. कर्वेनगरहून हडपसर, हडपसरहून वाघोली आणि परत. येताना दही आणलं. ते जिन्यात वाटण्याइतकं नव्हतं, म्हणून निदान वर्णन द्यावं या हेतूने लिहीत आहे.

अंकाच्या संपादकांनी विचारलं, "वाघोलीचं कसलं प्रवासवर्णन, वसुधाताई?"

मी विचारलं, "आपण कधी गेलात वाघोलीला?"

"नाही बुवा. कशाला जायचं?"

"मग वाचा," म्हटलं. लंडनला निम्मी सोसायटी जाऊन आली आहे. वाघोलीला कुणी गेलेलं नाही.

प्रवासाचं कारण आधी सांगायला हवं. हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटल झालं, मग काही दिवस मुलाकडे बाणेरला. छाती बरी झाली, पण अँटिबायोटिक्सनी पोटाचं वाटोळं केलं. काहीही खा, तासाभरात हिशेब चुकता. डॉक्टर शांत गृहस्थ. ते म्हणाले, "औषधांनी वाईट जिवाणू मारले, त्यांच्याबरोबर पोटातले चांगलेही गेले. या कॅप्सूल घ्या, साधं जेवा, ताक सोसेल तसं सुरू करा. हळूहळू वस्ती परत बसेल." मला हे सगळं पटलं. कॅप्सूल मी शेवटपर्यंत घेतल्या. मी हट्टी आहे, मूर्ख नाही.

माझ्या मुलाने, निखिलने, यातलं पहिलं अर्धं वाक्य ऐकलं आणि पुढचं मोबाइलवर शोधलं. मी घरी परतले तेव्हा माझ्या स्वयंपाकघराला सुट्टी मिळालेली होती. पिठं, डाळी, लोणच्यांच्या बरण्या, सगळं नाहीसं. रोज एक डबा येणार होता. त्यात उकडलेल्या भाज्या, मोजका भात आणि एका पारदर्शक डबीत काहीतरी पांढरं. डबीवर कोट्यवधी जिवाणूंचा उल्लेख होता. फ्रीज मृण्मयीने, म्हणजे सुनेने, स्वतः धुऊन काढला होता. मनापासून, माझ्या काळजीने. फ्रीज इतका स्वच्छ होता की त्यात खालच्या फळीवर कोपऱ्यात असणारी स्टीलची वाटीही घासून पालथी घातलेली होती.

त्या वाटीत विरजण होतं.

"आई, ते आंबलेलं होतं," निखिल म्हणाला.

विरजण आंबलेलं होतं ही तक्रार मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. पण भांडण विरजणावर थांबलं नाही. तो म्हणाला, "हे बघ, महिनाअखेरीपर्यंत पोट ताळ्यावर आलं तर ठीक. नाहीतर तू कायमची आमच्याकडे ये. हा फ्लॅट भाड्याने देऊ. एकटीने नको ते खात बसतेस." हे गेल्यापासून मी या घरात एकटी राहते आणि मला इथेच राहायचं आहे. आयुष्यभर टेलिफोन खात्यात लोकांचे कॉल जोडून दिले, आता माझ्या घराची लाइन दुसरं कुणी तोडतंय हे मला सहन होणार नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, आई, चिडल्यानेही पोट बिघडतं.

आता त्या विरजणाची हकीकत. आम्ही या इमारतीत आलो तेव्हा आजूबाजूला शेतं होती. समोरच्या गोठ्यातून दूध यायचं, पण विरजण मागायला शेजारच नव्हता. वरच्या मजल्यावर प्रमिला नावाची माझ्याच वयाची मुलगी नुकती लग्न होऊन आली होती. आम्ही दोघींनी मिळून कोमट दुधात लाल मिरच्यांचे देठ टाकले आणि वाट पाहिली. पहिलं दही पाणचट लागलं, दुसरं बरं, चौथं सुरीने कापावं असं. तेव्हापासून दोन्ही घरांत तेच दही. एकीचं नासलं की दुसरीकडून वाटी खाली किंवा वर जायची. मुलांची पोटं, परीक्षा, बाळंतपणं, सगळं त्या दह्यावर निघालं. पुढे प्रमिला मुलाबरोबर वाघोलीच्या टॉवरमध्ये राहायला गेली, तेव्हा वाटी घेऊन गेली.

मी मिरच्यांचे देठ पुन्हा टाकून पाहिले. पिशवीतल्या दुधात जे लागलं त्याला तार येत होती. मग प्रमिलाला फोन केला.

"विरजण आहे का आपलं?"

"ये," प्रमिला म्हणाली. "फोनवर दही देता येत नाही." आणि ठेवून दिला.

निखिलला सांगितलं असतं तर त्याने मोटारसायकलवरचा एखादा माणूस पाठवून विरजण मागवलं असतं. म्हणून मी दारावर कागद चिकटवला: "वाघोलीस जात आहे. उद्या येईन. तोवर डबा ठेवू नये. ठेवल्यास कुत्र्यास घालण्यात येईल." त्या कागदाचा फोटो डबेवाल्याने निखिलला पाठवला, असं नंतर कळलं.

हडपसर

पोट बिघडलेल्या माणसाचा प्रवास कसा असतो हे स्वित्झर्लंडवाल्यांनी कधी लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. खिडकीतून देखावे दिसत नाहीत. दिसतात ती सार्वजनिक स्वच्छतागृहं. कर्वेनगर ते हडपसर मार्गावर ती कुठे कुठे आहेत, कोणती उघडी, कोणाला कुलूप, हे मी आजही सांगू शकेन. एकाही ठिकाणी उतरावं लागलं नाही. पण सबंध वाटेत हात पोटावर होता.

हडपसरला सुमनकडे थांबायचं ठरवलं होतं. सुमन टेलिफोन खात्यात माझ्या शेजारच्या बोर्डावर बसायची. माहेर-सासर दोन्ही हडपसरचं. तिच्या सासरच्यांच्या मळ्यात आता आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यांच्या वाट्याला रस्त्याच्या कडेचं घर, चार म्हशी आणि अंगणातली चूल उरली आहे. म्हशी विकायला सगळे सांगतात, ती ऐकत नाही. म्हणूनच माझं तिच्याशी जमतं.

मी गेले तेव्हा उन्हाचा तडाखा होता. सुमनने मला न विचारता तांब्या पुढे केला. आत आंबील.

आमच्या बाजूला आंबील म्हणजे ताकात कालवलेलं थोडं नाचणीचं पीठ, वर चिमूटभर कोथिंबीर, आणि तेही कपात, पाहुण्याने नको म्हणेपर्यंत. सुमनकडे ज्वारीचं पीठ आदल्या दिवशीच ताकात भिजवून ठेवतात. ते रात्रभर फसफसतं. सकाळी मोठ्या पातेल्यात शिजवतात, लसूण-जिरं ठेचून घालतात, गार करतात आणि तांब्याने पितात. बरोबर बुक्कीने फोडलेला कांदा. नाही म्हणायची सोय नसते.

मी तांब्याकडे बघत राहिले. डब्यातल्या उकडलेल्या भोपळ्यावर काही आठवडे काढले होते. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. ते सोसलं नाही तर निखिलचं बरोबर ठरणार होतं.

"आगं पी की," सुमन म्हणाली. "पोट हाय का काचंचं भांडं?"

"डॉक्टर म्हणाले हळूहळू."

"मग हळूहळू पी. कोन पळतंय मागं?"

मी घोट घेतला. आंबट, थंड, लसणीचा झणका. मग दुसरा. डोळ्यांत पाणी आलं, ते लसणीमुळे असं मी सुमनला सांगितलं. अर्ध्या तांब्यावर थांबले, कारण हळूहळू म्हणजे हळूहळू. बाकीचा अर्धा तिने संपवला.

संध्याकाळी तिची सून पूजा ऑफिसातून आली. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग, बॅगेत बाटली. बाटलीवर कंपनीचं नाव, आत आंबीलच. मी विचारलं, ऑफिसात हे चालतं का?

"आधी कुणी विचारलं की मी लाजून प्रोबायोटिक मिलेट ड्रिंक म्हणायचे," पूजा म्हणाली. "मग सगळेच मागायला लागले, मला उरेना. आता सरळ आंबील म्हणते. कुणी मागत नाही."

मला हसू आलं. ही मुलगी निखिलच्या वयाची. तिला कुणी शिकवायला गेलं नव्हतं, आणि तिच्या फ्रीजमध्ये कुणी हातही घातला नव्हता.

सकाळी उठले ती पोटाकडे कान लावून. काही नाही. चहा घेतला, भाकरी घेतली, तरी काही नाही. सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय ढोल वाजवू?" पण निघताना तिने जेवायला मुद्दाम थांबवून घेतलं, त्यामुळे निघायला उशीर झाला. त्या उशिराचा पुढे परिणाम झाला.

वाघोली

मुंढव्याचा पूल ओलांडून खराडीला आलं की नगर रस्ता लागतो. त्या रस्त्यावर काय झालं ते सांगण्यासारखं नाही, कारण काहीच झालं नाही. रिक्षा उभी होती, आम्ही आत होतो. वाघोलीत पोचले तेव्हा ऊन उतरून गेलं होतं. कॉलेजची मुलं, वाळूचे ट्रक, नव्या इमारतींच्या पाट्या आणि त्या पाट्यांमागे खरोखरीची शेतं. आमचं कर्वेनगर सुरुवातीला असंच होतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर आठवलं. तेव्हा आम्हालाही पेठेतले लोक विचारायचे, तिकडे कशाला राहायला गेलात?

अकराव्या मजल्यावर प्रमिलाने दार उघडलं. केस पांढरे झालेत, चष्मा जाड झालाय, बाकी तीच. देवापुढे दिवा लागलेला होता.

पाणी पिऊन झाल्यावर मी पिशवीतून माझी फिरकीच्या झाकणाची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. प्रमिलाने डबीकडे पाहिलं.

"दिवा लागलाय," ती म्हणाली. "तिन्हीसांजेनंतर विरजण देत नाहीत. सकाळी."

"प्रमिला, तू केमिस्ट्रीची पदवीधर आहेस."

"आहे."

"दिव्याचा आणि दह्याचा काय संबंध?"

"काही नाही. पण दिवा लागलाय."

मी वाद घातला. मला वाद घालता येतो. जिवाणूंना घड्याळ कळत नाही म्हटलं. मी आज परत येते असं दारावर लिहून आले आहे, आणखी एक दिवस राहिले तर मुलगा पोलीस चौकीत जाईल म्हटलं. आपण दोघींनी मिरच्यांचे देठ टाकले तेव्हाही संध्याकाळच होती, हेही म्हटलं. ती ऐकून घेत होती आणि पोळ्या लाटत होती. मग जेवलो. तिच्या ताटात पापड, माझ्या ताटात मऊ भात. जेवताना लक्षात आलं की दही कुठेच नाही. विचारलं तर म्हणाली, "रात्री दही खाऊ नये." यावर मात्र पुण्यात एकमत आहे. मग गप्पा निघाल्या. तिचा मुलगा-सून उशिरा येतात आणि उशिरा उठतात. खाली बाकावर बसायला जागा असते, पण बोलायला ओळखीचं माणूस नसतं. ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती.

सकाळी चहा झाला आणि प्रमिला म्हणाली, "चल." मला वाटलं फिरायला. तिने समोरच्याच फ्लॅटची घंटा वाजवली.

दार उघडलं लक्ष्मीने. आंध्रातली मुलगी, नवऱ्याबरोबर नोकरीसाठी पुण्यात आलेली. प्रमिलाने तिला सांगितलं, "हीच ती. दह्याची दुसरी मालकीण."

मला काही कळेना. तेव्हा तिथे दारातच उभं राहून प्रमिलाने सांगितलं. मागच्या दिवाळीत ती मुलीकडे गेली होती. परत येईपर्यंत विरजणाच्या वाटीला बुरशी आली होती. घरात दही कुणी खात नाही, वाटी कुणी उघडून पाहिली नाही. पण त्याआधीच लक्ष्मी नवीन राहायला आली तेव्हा विरजण मागायला आली होती. प्रमिलाने दिलं होतं. सकाळी.

"मग काल का नाही सांगितलंस?"

"काल सांगितलं असतं तर काल संध्याकाळीच हिच्या दारात उभी राहिली असतीस आणि शेवटची बस पकडली असतीस," प्रमिला म्हणाली. "राहिलीस की नाही रात्रभर?"

मला तिचा रागही आला आणि ती मला फार आवडलीही. दोन्ही गोष्टी तिला सांगितल्या.

लक्ष्मीने आत बोलावलं. "आंटी, बैठो ना. हमारे यहाँ तो दही रोज लगता है. बिना दही खाना पूरा नहीं होता." मातीच्या भांड्यातलं दही तिने पुढे ठेवलं. शिवाय रात्री आंबवलेल्या पिठाच्या इडल्या, वाफाळलेल्या. तिच्याकडे जेवणाचा शेवट दहीभाताने होतो, सोबत जहाल तिखट लोणचं. आमचा शेवट ताकभाताने, सोबत लिंबाचं गोड लोणचं. एवढाच काय तो सीमावाद. तिने आग्रह केला आणि मी दोन इडल्या खाल्ल्या, वर वाटीभर दही.

ओळखलं का, असं प्रमिलाने विचारलं. मी खोटं बोलणार नाही. चवीवरून मी शपथ घेऊ शकत नाही. दूध वेगळं, भांडं वेगळं, हात वेगळा. कुणी शास्त्रज्ञ म्हणेल, ते जिवाणू आता ते राहिलेच नाहीत, इतक्या वेळा बदलले असतील. असतील. कर्वेनगरात तरी जुनी माणसं कुठे राहिली आहेत? तरी मी पत्ता विचारणाऱ्याला कर्वेनगरच सांगते. हे दही आमचंच आहे, कारण ते एका दारातून दुसऱ्या दारात मागून गेलेलं आहे. दुकानात मिळणाऱ्या डबीला हे कोट्यवधी वेळा लिहूनही सांगता येणार नाही.

लक्ष्मीने डबी भरून दिली. मी ती ह्यांच्या जुन्या सुती रुमालात गुंडाळली आणि पिशवीत तळाशी ठेवली. प्रमिला बसथांब्यापर्यंत आली. बस लागली तेव्हा म्हणाली, "नासलं की परत ये."

"नासू देणार नाही."

"तरी ये," ती म्हणाली.

परत कर्वेनगर

पुणे स्टेशनच्या अलीकडे बसने असा काही ब्रेक मारला की पिशवी मांडीवरून उडून पुढच्या बाकाखाली गेली. उचलली तेव्हा तळातून थेंब गळत होते. फिरकीचं झाकण निघालं होतं. शेजारच्या बाईंनी साडी आवरून घेतली. कंडक्टर जवळ आला.

"आजी, काय सांडलं?"

"जिवाणू," मी म्हटलं. "माझे आहेत."

"त्यांचं तिकीट काढलंत का?"

एरवी मी अशा उत्तराला दाद दिली असती. पण मला रडू येत होतं. डबी पुसल्यासारखी रिकामी झाली होती. परत वाघोलीला जायचं म्हणजे आणखी दोन दिवस. महिनाअखेर जवळ आलेली. मी घरी नाही म्हणून निखिल आधीच फुरंगटलेला असणार. पिशवीतला चिखल आवरायला मी रुमाल बाहेर काढला. तो दह्याने चिंब होता. मी तो पिळायला गेले आणि हात थांबला. जे मला हवं होतं ते सगळं त्या रुमालात होतं.

मी रुमाल पिळला नाही. त्याची घडी रिकाम्या डबीत कोंबली, झाकण घट्ट धरलं आणि कर्वेनगरपर्यंत धरून ठेवलं. उतरल्यावर आधी डेअरीत गेले, म्हशीचं सुटं दूध घेतलं. दूध तापवलं, बोट बुडवून सोसेल इतकं निवू दिलं, आणि ह्यांचा रुमाल त्यात पिळला. वरून ताटली, ताटलीवर जाड टॉवेल. मग देवाला नव्हे, त्या पातेल्याला हात जोडले. फोन वाजत होता, तो घेतला नाही.

सकाळी टॉवेल काढला. पातेलं तिरकं केलं. हललं नाही.

महिनाअखेरीपर्यंत मी रोज माझ्या ओट्यापाशी उभी राहिले. मुगाची खिचडी, ताक, मग ज्वारीची भाकरी, मग सुमनच्या पद्धतीने आंबील, तांब्याने नव्हे पण कपानेही नव्हे, पेल्याने. डबा दारात यायचा. मी तो न उघडता डबेवाल्याच्या हाती परत द्यायचे. तो बिचारा म्हणायचा, काकू, कुत्र्याला तरी घाला. पोट एकदाही रुसलं नाही. आंबिलीने बरं वाटलं, कॅप्सूलनी, की हडपसरच्या अर्ध्या तांब्यावर भीती मोडली त्याने, हे मला माहीत नाही. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, "तिन्हींनी. चालू ठेवा."

महिना उलटल्यावर एका संध्याकाळी निखिल आला. फ्लॅटबद्दल बोलायचं ठरवून आला असावा, कारण चपला काढताना घसा खाकरला. मी ताट वाढलं. ताकभात, लिंबाचं लोणचं. त्याने पहिला घास घेतला आणि मान खाली घालून जेवत राहिला. शाळेतून आल्यावर जेवायचा तसाच, हात न थांबवता. मी दुसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदाही.

"तो डबा बंद करतो," तो पेला खाली ठेवत म्हणाला.

"कर."

"बाणेरचं नंतर बघू."

"नंतरही नाही," मी म्हटलं. "मी इथेच राहणार आहे."

त्याने मान डोलावली. मी देवापुढे दिवा लावला. तो दाराशी गेला, चपला घातल्या आणि तिथेच घुटमळला.

"मृण्मयीचं पोट हल्ली बरं नसतं. ती म्हणत होती, तुझ्याकडे असेल तर थोडं विरजण..."

मी दिव्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तिन्हीसांज झाली. आता विरजण देत नाहीत."

"आई, तुझा कधीपासून यावर विश्वास बसला?"

"बसलेला नाही. पण दिवा लागलाय."

"मग काय करू?"

"सकाळी या," मी म्हटलं. "दोघं या. जेवायला या. आणि येताना एक वाटी आण, धुतलेली."